मितभाषी यंत्राचे मितभाषी शिल्पकार : डेनिस रिची

भुसावळहून निघालेली गाडी जळगावला किती वाजता आली आणि किती वाजता सुटली, याची नोंद स्टेशनवरच्या रजिस्टरात होत असते. फलाटावर चहाचा कप हातात घेऊन उभ्या असलेल्या प्रवाशाला त्या रजिस्टराची आठवणही नसते. गाड्या सुरळीत धावत असतात तोवर ते कोणी उघडून वाचत बसत नाही. परंतु एखादे दिवशी काही विपरीत घडले, की चौकशीला आलेला अधिकारी प्रथम तेच रजिस्टर मागतो. चूक कोठे झाली, केव्हा झाली, याचा उलगडा मग त्या दोन-चार रुक्ष ओळींवरून होतो. माणसे विसरतात, घाबरतात, प्रसंगी सारवासारवही करतात; वेळच्या वेळी केलेली नोंद तेवढी उपयोगी पडते.

संगणकाच्या पोटातही असेच एक रजिस्टर असते. शेंगेच्या टरफलाआड जसा दाणा, तसा संगणकाच्या सर्व कार्यक्रमांच्या आड एक गाभा असतो. त्याला कर्नल असे म्हणतात. स्मरणशक्तीतील जागा कोणाला किती द्यायची, कोणाचे काम आधी व कोणाचे नंतर, तबकडीवर कोठे काय लिहायचे, हा सारा कारभार हा गाभा पाहतो. तो सहसा बोलत नाही. परंतु एखादे उपकरण बिघडले, जागा संपली, किंवा आता पुढे चालणे शक्यच नाही अशी वेळ आली, म्हणजे तो एक-दोन ओळी लिहून ठेवतो. यंत्र दुरुस्त करणारा माणूस आधी त्या ओळी शोधतो.

यंत्राच्या गाभ्याला ही थोडक्यात बोलण्याची शिस्त ज्यांच्या पिढीने लावली, आणि ज्या भाषेत आज बहुतेक कर्नल लिहिले जातात ती भाषा ज्यांनी घडविली, त्या डेनिस रिची यांचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे. आपण कला शाखेचे विद्यार्थी. संगणकाशी आपला काय संबंध, असे कोणी विचारील. पण रिची यांचे काम मुळात भाषेचेच काम होते. काय सांगावे, किती सांगावे, आणि काय गाळावे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. तो आपल्यापुढेही रोजच असतो.

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ब्राँक्सव्हिल येथे झाला. त्यांचे बालपण न्यू जर्सी राज्यातील समिट या गावी गेले. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल टेलिफोन कंपनीच्या सुप्रसिद्ध प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. टेलिफोनचे कॉल जोडणाऱ्या विद्युत्मंडलांच्या रचनेवर त्यांनी सहलेखक म्हणून एक ग्रंथही लिहिला होता. मुलाने हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञान घेतले आणि १९६३ साली पदवी संपादन केली. पुढे तेथेच त्यांनी उपयोजित गणिताचा अभ्यास केला. गणनक्रियेची गुंतागुंत हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

या प्रबंधाची हकीकत मोठी चमत्कारिक आहे. १९६८ साली तो लिहून पूर्ण झाला. परंतु नियमानुसार त्याची बांधीव प्रत ग्रंथालयात दाखल करावयाची असते, ती रिची यांनी कधीच दाखल केली नाही. त्यामुळे डॉक्टरेट त्यांच्या पदरात पडली नाही. पुढे जगभरच्या विद्यापीठांत ज्यांचे पुस्तक नेमले गेले, त्या माणसाच्या नावामागे ही पदवी नव्हती. त्यांचा तो प्रबंध अनेक वर्षे कोणाच्या पाहण्यात नव्हता. त्यांच्या मृत्यूनंतर तो सापडला आणि २०२० मध्ये सर्वांना वाचावयास मिळाला.

१९६७ साली रिची वडिलांप्रमाणेच बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. न्यू जर्सीतील मरे हिल येथे ही प्रयोगशाळा होती. त्या काळी तेथील काही मंडळी मल्टिक्स नावाच्या एका प्रचंड योजनेत गुंतलेली होती. एकाच संगणकावर शेकडो माणसांनी एकाच वेळी काम करावे, अशी ती महत्त्वाकांक्षा होती. योजना लांबत गेली, खर्च वाढत गेला, आणि १९६९ साली बेल प्रयोगशाळेने तिच्यातून अंग काढून घेतले. मोठा वाडा बांधावयास घ्यावा आणि पायातच पैसा संपावा, तसे झाले. परंतु त्या अपयशातून केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे दोघे एक धडा शिकले. तो धडा काटकसरीचा होता.

थॉम्पसन यांनी एका अडगळीत पडलेल्या पीडीपी-७ या लहानशा यंत्रावर १९६९ सालीच एक छोटी प्रणाली उभी केली. रिची त्यांना येऊन मिळाले. हीच पुढे युनिक्स या नावाने जगप्रसिद्ध झाली. नवे यंत्र हवे, तर कारण हवे. म्हणून प्रयोगशाळेच्या पेटंट विभागाला अर्जांचे मसुदे नीट छापून देण्याचे काम या मंडळींनी अंगावर घेतले. त्या निमित्ताने पीडीपी-११ हे यंत्र मिळाले. त्याची स्मरणशक्ती केवळ २४ किलोबाइट होती. त्यातली १६ प्रणालीला आणि उरलेली ८ वापरणाऱ्यांना. आज मोबाईलमधील एक लहानसे छायाचित्रही याहून कितीतरी अधिक जागा घेते. एवढ्याशा घरात संसार मांडायचा म्हणजे एकही भांडे जास्तीचे चालणार नव्हते.

प्रणाली लिहावयास भाषा हवी. यंत्राच्या सांकेतिक भाषेत लिहिलेले काम त्या एकाच यंत्रापुरते राहते. यंत्र बदलले की सारे पुन्हा लिहावे लागते. थॉम्पसन यांनी बी नावाची एक छोटी भाषा केली होती. तिच्यात भर घालीत घालीत १९७१ ते १९७३ या काळात रिची यांनी सी ही भाषा सिद्ध केली. १९७२ साली थॉम्पसन यांनी या भाषेत कर्नल लिहिण्याचा प्रयत्न केला, तो फसला. निरनिराळ्या प्रकारची माहिती एकत्र गुंफून ठेवण्याची सोय तेव्हा भाषेत नव्हती. रिची यांनी ती सोय घातली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा सी भाषेत उतरला. यंत्राच्या इतक्या जवळचे काम उच्च पातळीवरच्या भाषेत होऊ शकेल, यावर त्या काळी फार थोड्यांचा विश्वास होता.

आता आपल्या मुख्य विषयाकडे वळू. सी भाषेत छापण्याची आज्ञाच नाही! ऐकून नवल वाटेल. फोरट्रान किंवा पीएल-वन यांसारख्या तत्कालीन भाषांत छापण्याची, आकडे रकान्यांत मांडण्याची व्यवस्था भाषेच्या व्याकरणातच गोवलेली होती. रिची यांनी ती व्याकरणाबाहेर ठेवली. छापण्याचे काम प्रिंटएफ नावाच्या एका बाहेरच्या उपकार्यक्रमाकडे दिले. आपण मजकुराचा एक साचा द्यायचा. साच्यात जेथे आकडा किंवा शब्द भरावयाचा तेथे टक्क्याचे चिन्ह आणि एक अक्षर लिहायचे. डी म्हटले की दशमान आकडा, ओ म्हटले की अष्टमान आकडा, एस म्हटले की शब्द. लग्नपत्रिकेच्या छापील नमुन्यात वधूवरांची नावे आणि मुहूर्त यांची जागा मोकळी ठेवावी, तसाच हा प्रकार.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटते. पण कर्नलच्या दृष्टीने हिचे मोल फार आहे. सामान्य कार्यक्रमाला पडद्यावर काही लिहावयाचे झाल्यास तो कर्नलला विनंती करतो. प्रवाशाने स्टेशनमास्तरला विचारावे, तसे. पण स्टेशनमास्तरलाच काही सांगायचे असेल, तर त्याने कोणाला विनंती करावी? कर्नलच्या खाली त्याचे म्हणणे ऐकून घेणारे कोणी नसते. म्हणून नेहमीचे प्रिंटएफ त्याच्या उपयोगाचे नाही. छापणे हे भाषेच्या हाडामांसात मुरलेले असते, तर कर्नल लिहिणाऱ्यांची पंचाईत झाली असती. ते बाहेर ठेवल्यामुळे कर्नलला स्वतःपुरते एक वेगळे, लहानसे प्रिंटएफ लिहिता आले. जे गाळले, त्यामुळेच वाट मोकळी झाली.

१९७५ साली युनिक्सची सहावी आवृत्ती बाहेर पडली. तिच्यातील कर्नलचे हे छोटे प्रिंटएफ आजही वाचावयास मिळते, आणि ते मुद्दाम वाचावे असे आहे. नेहमीच्या प्रिंटएफचे सारे अलंकार त्यात उतरवून ठेवलेले आहेत. शब्द, दशमान आकडा आणि अष्टमान आकडा, एवढेच त्याला कळते. रकाने नाहीत, दशांश चिन्हे नाहीत. दशमान आणि अष्टमान असे दोन प्रकार का ठेवले, यालाही कारण आहे. तबकडीवरील कोणत्या क्रमांकाच्या कप्प्यात चूक झाली हे माणसाला दशमानात समजते; परंतु त्या उपकरणाच्या आतील कोणकोणत्या खुणा त्या क्षणी चालू होत्या व कोणत्या बंद, हे अष्टमानात चटकन ओळखता येते, कारण अष्टमानातील प्रत्येक अंक म्हणजे तीन खुणांचा गट असतो. म्हणजे एकाच निरोपात कोणत्या उपकरणात, कोणत्या कप्प्यात आणि कोणत्या प्रकारची चूक, अशा तिन्ही गोष्टी येत. विशेषण एकही नाही.

हे प्रिंटएफ सरळ मुख्य टंकयंत्रावर छापत असे. त्या काळी वापरात असलेले टेलिटाइप यंत्र सेकंदाला १० अक्षरे छापी. ५० अक्षरांचा निरोप म्हणजे ५ सेकंद! आणि कर्नल एकेका अक्षरासाठी टंकयंत्राची वाट पाहत उभा राही, त्यामुळे तेवढा वेळ यंत्रावरील इतर सर्वांची कामे जवळजवळ ठप्प होत. म्हणून या भागाच्या माथ्यावर लिहिणाऱ्यांनी एक समज देऊन ठेवली आहे, की हे साधन उगाच गप्पागोष्टींसाठी वापरू नये. घरचा कर्ता माणूस बोलू लागला की सारे घर हातातले काम टाकून ऐकते. तेव्हा कर्त्याने बोलणे बेतानेच बरे, असाच त्याचा भावार्थ. इतकेच नव्हे, तर यंत्राच्या दर्शनी फळीवरील सर्व खटके शून्यावर ठेवले, की कर्नलचे सारे निरोप बंद होत. बोलण्याची सोय केली, तशी गप्प बसविण्याचीही केली.

गाभ्याला पुढे चालणेच अशक्य झाले तर काय करावे? मल्टिक्समधील जाणकारांपैकी टॉम व्हॅन व्ह्लेक यांनी याविषयी एक आठवण लिहून ठेवली आहे. चुका झाल्यावर सावरून घेण्यासाठी मल्टिक्समध्ये प्रचंड मजकूर लिहावा लागत होता. युनिक्समध्ये याची काय व्यवस्था केली, असे त्यांनी रिचींना विचारले. रिचींनी सांगितले, की तो सारा भाग आम्ही गाळून टाकला. पॅनिक नावाचा एक उपकार्यक्रम आहे, तो बोलावला की यंत्र थांबते, आणि मग आम्ही बाहेरच्या बोळात ओरडून यंत्र पुन्हा चालू करावयास सांगतो. ऐकणाऱ्यास हा बेफिकीरपणा वाटावा. परंतु सहाव्या आवृत्तीतील पॅनिक पाहिला तर त्यातली जबाबदारी ध्यानात येते. तो आधी लोकांचे स्मरणशक्तीत साठलेले काम तबकडीवर उतरवून ठेवण्याचा प्रयत्न करतो, नंतर थांबण्याचे कारण एका ओळीत छापतो, आणि मग स्वस्थ होतो. दुसऱ्यांची ठेव आधी परत करायची, आपण का गेलो ते सांगायचे आणि मग डोळे मिटायचे. याहून अधिक मृत्युपत्र ते काय असते?

१९७६-७७ च्या सुमारास ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स या प्राध्यापकांनी सहावी आवृत्ती विद्यार्थ्यांना ओळ न ओळ शिकविली आणि तिच्यावर भाष्य लिहिले. आपल्याकडे एखाद्या पोथीवर टीका लिहावी, तसे. सुरुवातीला त्यांनी जे दोन भाग शिकविण्यास घेतले, त्यातला एक स्मरणशक्तीच्या वाटपाचा आणि दुसरा हाच, कर्नलच्या छपाईचा. पुढे मालक कंपनीने वर्गात हा मजकूर शिकविण्यास बंदी केली. तेव्हा त्या भाष्याच्या प्रतींवरून प्रती निघत देशोदेशी गेल्या. पुस्तक उघडपणे प्रकाशित झाले ते १९९६ साली. दरम्यानच्या काळात कितीतरी तरुणांनी त्या पुसट प्रती वाचून गाभ्याची ओळख करून घेतली.

१९७९ च्या सातव्या आवृत्तीत आणखी एक सुधारणा झाली. टंकयंत्रावर छापलेला कागद हरवतो, फाटतो. म्हणून कर्नलचे निरोप स्मरणशक्तीतही साठवले जाऊ लागले. त्यासाठी जागा किती, तर १२८ अक्षरांची! एका पोस्टकार्डाचाही मजकूर तीत मावायचा नाही. ती जागा भरली की नवा मजकूर सर्वांत जुन्या मजकुरावर लिहिला जाई. विहिरीवरच्या रहाटाचे पोहरे जसे भरतात, रिते होतात आणि पुन्हा भरतात, तसे हे चक्र. यंत्र कोलमडले तरी शेवटचे शब्द त्यात शिल्लक राहत.

या बीजाचा पुढे वृक्ष झाला. फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिनक्सचा गाभा लिहिला, तो रिचींच्या सी भाषेत. त्यातही कर्नलसाठी वेगळे छपाईचे साधन आहे. त्याचे नाव प्रिंटके. शेवटचा के हा कर्नलचा. कर्नलच्या निरोपांना आता आठ पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे यंत्र निकामी होण्याची वेळ, सात म्हणजे केवळ कारागिराने तपासण्यासाठी केलेली टीप. कोणता निरोप पडद्यावर दाखवायचा आणि कोणता नुसता वहीत ठेवायचा, हे या पायरीवरून ठरते. वही मात्र अजून रहाटासारखी फिरतीच आहे. अँड्रॉइड मोबाईलच्या पोटात हाच लिनक्सचा गाभा असल्यामुळे, यावल-रावेरच्या केळीच्या बागेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या खिशातही ही वही रात्रंदिवस लिहिली जात असते.

रिची यांनी ब्रायन कर्निघन यांच्यासमवेत सी भाषेवर लिहिलेले पुस्तक १९७८ साली निघाले. अवघे सव्वादोनशे पानांचे हे पुस्तक या विषयाचा प्रमाणग्रंथ ठरले. आपल्याकडे नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या लेट अस सी या पुस्तकाने हीच भाषा हजारो विद्यार्थ्यांच्या घरी नेली. खानदेशात १९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले, जे आज बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. तेव्हापासून येथील संगणकाच्या कितीतरी विद्यार्थ्यांनी पहिल्या तासाला फळ्यावर प्रिंटएफ हाच शब्द उतरवून घेतला असेल. तो घडविणाऱ्यांपैकी एकाचे नाव मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

मानसन्मान रिचींना मिळाले. १९८३ साली थॉम्पसन यांच्यासमवेत त्यांना ट्यूरिंग पुरस्कार देण्यात आला. संगणकशास्त्रात त्याचे स्थान नोबेलसारखे आहे. १९९८ सालचे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदकही दोघांना मिळाले. २०११ साली जपान पारितोषिक जाहीर झाले. परंतु त्या मार्चमध्ये जपानात भीषण भूकंप झाला आणि टोकियोतील सोहळा होऊ शकला नाही. रिचींना ते मरे हिललाच देण्यात आले. ज्या वास्तूत त्यांनी आयुष्य काढले तेथेच हा अखेरचा सन्मान झाला. २००७ साली ते निवृत्त झाले होते. सहकाऱ्यांत ते मृदू, संकोची आणि रात्री उशिरापर्यंत काम करणारे म्हणून ओळखले जात. त्यांनी लग्न केले नव्हते.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील राहत्या घरी ते मृतावस्थेत आढळले. घरात ते एकटेच होते. एक आठवड्यापूर्वी, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्स यांचे निधन झाले होते, आणि जगभरची वृत्तपत्रे त्यांच्या आठवणींनी भरून गेली होती. ते योग्यच होते. परंतु जॉब्स यांच्या कंपनीच्या फोनमधील प्रणालीही युनिक्सच्याच कुळातली आहे, आणि तिचा गाभाही मुख्यतः रिचींच्या भाषेत लिहिलेला आहे, हे फार थोड्यांना माहीत होते. रिची गेल्याची वार्ता एका जुन्या सहकाऱ्याने चार ओळींत कळविली तेव्हा ती बाहेर पसरली. आयुष्यभर मोजके लिहिणाऱ्या माणसाच्या जाण्याची नोंदही तशीच मोजकी झाली.

यात खेद करण्यासारखे काही आहे काय? आहे. एवढ्या मोठ्या माणसाचे ऋण जगाने वेळेवर ओळखले नाही, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहत नाही. त्यांनी घडविलेल्या गाभ्याचेही तसेच आहे. तो नीट चालतो तोवर त्याची आठवण कोणाला होत नाही. स्टेशनवरच्या त्या रजिस्टरात रोज लिहिणाऱ्या माणसाचे नाव तरी प्रवाशांपैकी किती जणांना माहीत असते?

विद्यार्थी मित्रांनो, आजचा काळ बोलण्याचा आहे. प्रत्येकाच्या हातात पडदा आहे आणि प्रत्येक जण त्यावर काही ना काही लिहीत आहे. अशा वेळी २४ किलोबाइटांत संसार थाटणाऱ्या या माणसाची आठवण ठेवणे बरे. आपण बोलतो तेव्हा दुसऱ्याचे काम थांबते, याची जाणीव असावी. जे सांगायचे ते नेमके सांगावे. चूक झाली तर ती कोठे झाली, कोणत्या प्रकारची झाली, हे लपवू नये. आणि थांबण्याची वेळ येईल तेव्हा दुसऱ्यांची ठेव सुखरूप ठेवून, कारणाची एक ओळ लिहून मग थांबावे. डेनिस रिची यांनी यंत्रांना लावलेली ही शिस्त आपल्या लेखनाला आणि वागण्याला लागली, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.